आठवी रांग

निकमसाहेबांना नेटवर्कच्या मुख्य स्विचवरच्या आठही रांगा वापरात हव्या होत्या.

"आत्तापर्यंत सगळं एकाच दारातून चाललंय," ते म्हणाले. "लिफ्टचे इशारे, स्वयंपाकघराच्या ऑर्डरी, रहिवाशांचे कॉल, ऑफिसचं काम. तसं आता नको. ज्याचं महत्त्व जास्त, तो पुढे जाईल."

हेमांगी शिंत्रेनं मान डोलावली. पन्हाळ्याच्या पायथ्याला असलेलं 'केतकबन' हे निकमांच्या व्यवस्थापनाखालचं ज्येष्ठांचं निवासस्थान तिनंच तारांनी जोडलं होतं आणि तिथल्या नेटवर्कची देखभालही तिच्याकडेच होती. तिची कुंदामावशी तिथेच दुसऱ्या मजल्यावर राहत होती. संस्थेचं काम करणाऱ्यांच्या नातेवाइकांना तिथे सवलत मिळे. हेमांगीच्या राजारामपुरीतल्या घराला लिफ्ट नव्हती, ती दिवसभर कामावर, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर मावशीला जिना चढवत नव्हता. मावशीचा एकुलता एक मुलगा निरंजन कॅनडात होता. तिघांनी मिळून ठरवलं होतं. निदान हेमांगीची तशी समजूत होती.

काम तसं नेहमीचंच होतं. इमारतीतल्या प्रत्येक यंत्राचं बोलणं लहान लहान पॅकेटांत तुटून मुख्य स्विचपाशी येतं आणि तिथून एकाच तारेनं बाहेर पडतं. गर्दी झाली की कुणाला आधी सोडायचं हे स्विचला ठरवावं लागतं, आणि ते त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. प्रत्येक पॅकेटाच्या कपाळावर एक खूण असते. ती वाचून स्विच त्याला आठांपैकी एका रांगेत उभं करतो. पहिल्या रांगेत कुणी असेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही, दुसरी संपेपर्यंत तिसरीकडे नाही. सर्वांत मागच्या रांगेत जागा पुरेनाशी झाली की नंतर येणारी पॅकेटं स्विच सरळ टाकून देतो. ती कुठे साठत नाहीत, परतही जात नाहीत. नाहीशी होतात.

पूर्वी पॅकेटं अशी गळाली की समोरच्याचा आवाज तुटायचा, चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. पण गेल्या काही वर्षांत 'सांधणी' आली होती. माणसाचे महिनाभराचे कॉल ऐकून-बघून हे सॉफ्टवेअर त्याचा चेहरा, आवाज, लकबी, नेहमीची वाक्यं शिकून घेई आणि गळालेले तुकडे पलीकडच्या टोकाला स्वतःच भरून काढी. आधी निमिषभराची फट, मग एखादा शब्द, मग अख्खं वाक्य. लोक खूश होते. कॉल तुटतो म्हणजे काय, हे नव्या मुलांना सांगूनही कळलं नसतं.

"आठवी खूण कशासाठी?" हेमांगीनं विचारलं.

"ती रहिवाशाच्या खोलीतला कॉलचा पडदाच मारेल. मागचा टीव्ही, भांड्यांची आदळआपट, खोकला. नकोसा भाग. त्याला तारेचा अगदी थेंबभर वाटा द्या. गर्दी असो वा नसो, त्यापुढे सोडायचं नाही."

"गर्दी नसताना कशाला अडवायचं?"

"सांधणी पुरवणाऱ्या कंपनीची अट आहे," निकम म्हणाले आणि चहा मागवला.

हेमांगीला ते खटकलं, पण अशा अटी सगळ्याच कंपन्या घालतात. चहा निवायच्या आत तिचं काम झालं होतं.

त्यानंतरही ती मावशीला दर शनिवारी भेटायला जाई. शनिवारी सगळ्यांना आंघोळी घालून खालच्या हॉलमध्ये मऊ खुर्च्यांवर बसवलेलं असे. मावशी नेहमीपेक्षा कमी बोले. "बरी आहे," म्हणे आणि खिडकीकडे बघत राही. शिवणाचा क्लास चालवून मुलगा वाढवलेली, हेमांगीला शिक्षणासाठी चार वर्षं घरात ठेवून घेतलेली ही बाई एकेकाळी तोंडानं फटकळ म्हणून गल्लीत प्रसिद्ध होती. वय झालं, असं हेमांगीनं मनाशी म्हटलं.

थंडीतल्या एका बुधवारी दुसऱ्या मजल्यावरच्या एका यंत्राचा पॉवर सप्लाय जळाला म्हणून तिला सकाळीच जावं लागलं. काम आटोपून ती मावशीच्या खोलीकडे वळली. दार अर्धवट उघडं होतं. आत कॉल चालू होता, म्हणून ती उंबऱ्यातच थांबली.

मावशी रडत होती.

"निरू, मला बसवत नाही रे," ती म्हणत होती. "माकडहाडापाशी जखम झालीय. चिघळलीय. सकाळी खुर्चीत बसवतात ते दुपारपर्यंत कुणी फिरकत नाही. तू हेमाला तरी सांग. मला इथून काढा."

भिंतीवरच्या पडद्यावर निरंजन हातात कॉफीचा मग घेऊन बसला होता. तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा खुलत गेला.

"वा," तो म्हणाला. "म्हणजे भजनाचा कार्यक्रम झकास झाला तर. तू म्हटलंस की नाही मग एखादं?"

मावशी गप्प झाली. तिनं पदरानं डोळे पुसले. पण निरंजन समोरचं कुणीतरी बोलत असल्यासारखा ऐकतच होता. योग्य जागी हं हं करत होता. मग तो मनापासून हसला. "तू पण ना, आई. बरं, काळजी घे. उद्या बोलू."

पडदा विझला. हेमांगीच्या अंगावर पाल पडावी तसं झालं. ती आत आली तेव्हा मावशीनं मान वळवली, पण तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"कधीपासून आहे जखम?"

"दिवाळीपासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"पोटच्या पोराला सांगितलं, तर तो हसला. रोज सांगितलं, रोज हसला. तू तर भाची. तू काय वेगळं करणार होतीस?" मावशी अगदी सपाट आवाजात बोलत होती. "मी त्याला वाढवण्यात कुठे चुकले, तेवढंच आठवत बसते हल्ली."

हेमांगीनं मजल्यावरच्या सेविकेला, सुलभा पोवारला, हाक मारली. दोघींनी मिळून मावशीला कुशीवर वळवलं. पट्टी सुटली आणि खोलीभर वास पसरला. हेमांगीनं नकळत तोंड फिरवलं, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा बघितलं. जखम खोल होती. कडा काळ्या पडल्या होत्या आणि आत पिवळं साचलं होतं.

"मॅडम, तीन मजल्यांवर आम्ही दोघीच बायका," सुलभा म्हणाली. "रोज वर सांगतोय की आज्जींना दवाखान्यात न्या म्हणून. वरचे म्हणतात, घरच्यांची काय तक्रार न्हाई, मग तू कशाला नाचतीस."

हेमांगीनं तिथूनच कोल्हापुरातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी रुग्णवाहिका पाठवतो म्हणून सांगितलं. ती येईपर्यंत हेमांगी खाली गेली. तिच्या कार्डावर सगळी यंत्रदालनं उघडत, त्यातच 'गुणवत्ता कक्ष' होता. तिथे रहिवाशांचं चित्र पलीकडे कसं पोचतं ते तपासायला पडदे लावले होते. डावीकडे खोलीतला कॅमेरा, उजवीकडे घरच्यांना दिसलेलं चित्र. तिनं मावशीचा सकाळचा कॉल पुन्हा लावला.

डावीकडे मावशी रडत होती. उजवीकडे मावशी हसत होती.

उजवीकडच्या मावशीचे गाल भरलेले होते. तिनं निरूला जेवलास का म्हणून विचारलं, अगदी तिच्याच हेलात, शेवटचं अक्षर किंचित ओढून. भजनाला पेटी वाजवायला कोण आलं होतं ते सांगितलं. मध्येच तिला ठसका लागला, गेल्या हिवाळ्यात लागायचा अगदी तसाच. म्हणजे तो ठसकासुद्धा त्यांनी उचलला होता. "मला इथे काही कमी नाही रे," ती म्हणाली आणि हसताना तोंडावर पदर धरला. ही सवय तिला खरोखरच होती. एकही गोष्ट खोटी म्हणून बोट ठेवता येत नव्हती. कुणीतरी मावशीचं कातडं सोलून अंगावर चढवावं आणि मुलापुढे जाऊन बसावं, तसं ते होतं.

शेजारच्या पडद्यावर आत्ताच एक कॉल चालू होता. डावीकडे एक आजोबा तोंड उघडं टाकून झोपले होते. लाळ हनुवटीवर ओघळली होती. उजवीकडे तेच आजोबा नातीला कोल्ह्याची गोष्ट रंगवून सांगत होते. नात टाळ्या वाजवत होती.

हेमांगीनं स्विचवरचे आकडे उघडले. आठव्या रांगेत आलेली पॅकेटं जवळजवळ सगळीच टाकून दिलेली होती. खोकला आणि भांड्यांचा आवाज एवढा नसतो. खोलीतला पडदा माणसाचा चेहरा आणि आवाज वाचत होता. रडू, राग, तक्रार, गुंगी, असं काही दिसलं की त्या घटकेपासून तो सगळ्यावर आठवी खूण मारत होता. माणूस हसला की खूण पुन्हा वरची. बाकी काम तिनं स्वतः लिहिलेल्या नियमानं केलं होतं.

निकमसाहेब ऑफिसात होते. तिनं उभ्याउभ्याच विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"बसा तरी," ते म्हणाले. "हे बघा, आम्ही कुणाचं खोटं चित्र बनवत नाही. तसं करणं गुन्हा आहे. पण लाइनवर तुकडे गळाले तर कंपनी ते सांधते, त्याला कायद्यानं मुभा आहे. चित्र सांधलेलं असलं की घरच्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा ठिपकासुद्धा येतो, नियमाप्रमाणे."

"लाइन चांगली आहे. तुम्ही ती माझ्याकडून खराब करून घेतलीत."

"बरोबर. तुमच्याकडून," निकम शांतपणे म्हणाले. "नियमावर तुमचं नाव आहे."

त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

"पूर्वी काय व्हायचं सांगतो. मुलं फोन करायची, इथून रडगाणं सुरू व्हायचं. मुलं तिकडे काय करणार? आधी रोजचा फोन आठवड्यावर जायचा, मग महिन्यावर, मग बंद. आता रोज फोन येतात. मुलं आनंदात, आईबाप रोज मुलाचं तोंड बघतात. यात वाईट कुणाचं झालं?"

"माझ्या मावशीला वाटतं, ती रडते तेव्हा तिचा मुलगा हसतो."

"हं," निकम म्हणाले. त्यांनी खरोखर विचार केल्यासारखं दिसलं. "त्यावर उपाय काढता येईल. मुलाकडून येणारं चित्रही सांधून घेता येईल. आई रडली की इकडे तोही जरा गंभीर दिसेल."

हेमांगीला त्यांच्या स्वच्छ नखांकडे, टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या देवाच्या फोटोकडे बघवेना. ती बाहेर पडली.

मग ती स्विचपाशी गेली. आठव्या खुणेचं सगळं तिनं पहिल्या रांगेत आणलं आणि थेंबभर वाट्याची अट पुसून टाकली. तारेत जागा भरपूर होती. काही गळालंच नाही, तर सांधणीला सांधायला काही उरणार नव्हतं. एवढं करून तिनं मावशीला रुग्णवाहिकेत घातलं आणि स्वतः शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते सुलभानं फोनवर सांगितलं. सकाळच्या कॉलना घरोघरी पडद्यावर खरी माणसं दिसली. वाळलेली, चिडलेली, गुंगीत असलेली, नावं विसरलेली. इचलकरंजीची एक बाई तासाभरात गाडी करून आली आणि वडिलांना उचलून घेऊन गेली. तेवढी एकच. बाकीच्यांनी ऑफिसात फोन लावले.

"काय म्हणत होते?" हेमांगीनं विचारलं.

"नेटवर्क बिघडलंय म्हणत होते," सुलभा म्हणाली. "चित्र चांगलं येत न्हाई. कालच्यासारखं करून द्या म्हणून."

हेमांगीनं फोन ठेवला आणि बराच वेळ हात धूत राहिली. दुपारी पुण्याहून दुसरा इंजिनिअर आला आणि त्यानं सगळं पूर्ववत केलं. हेमांगीचं कंत्राट संपल्याचं पत्र आलं. तिनं सरकारी कार्यालयात तक्रार दिली. तिथल्या अधिकाऱ्यानं ती वाचून विचारलं की, पडद्यावर ठिपका दिसत होता ना? दिसत होता, असं तिला सांगावं लागलं.

मावशी दवाखान्यातून हेमांगीच्या घरी आली. शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून तिला जिन्यानं वर आणलं. दिवसा सोबतीला एक बाई मिळाली. हेमांगीनं काही कामं सोडली, काही घरून सुरू केली. जखम सावकाश भरत होती. मावशीचं तोंडही सैल सुटलं. वरणात मीठ कमी, खिडकीला पडदा वेडावाकडा शिवलेला, बाई पाय घासत चालते. हेमांगीला ते ऐकून बरं वाटे.

सांधणीबद्दल तिनं मावशीला सगळं समजावलं होतं. मावशीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली की निरूला तिचं रडणं ऐकूच येत नव्हतं. मग म्हणाली, "आता सांग त्याला." पण निरंजन फोन उचलत नव्हता. हेमांगीनं दवाखान्यातले फोटो पाठवले, निरोप ठेवले, झाला प्रकार सविस्तर लिहिला. पलीकडे तो वाचल्याची खूण उमटे, उत्तर येत नसे.

एका रविवारी मावशी पलंगावर बसून गुरगुट्या भात खात असताना हेमांगीच्या फोनवर त्याचा निरोप आला.

"आईशी आत्ताच बोललो. मजेत आहे. तू उगाच मनाला लावून घेतेस."

हेमांगीनं तो निरोप तीनदा वाचला. मग पलंगाकडे बघितलं. मावशी ओठाला लागलेलं तूप पुसत होती.

हेमांगीनं सुलभाला फोन केला. मावशीच्या खोलीत आता सांगलीच्या एक बाई राहत होत्या. पण जुना पडदा काढून खालच्या सामानाच्या खोलीत ठेवला होता, आणि तिथेही त्याची तार स्विचला लावून दिलेली होती. तो रोज सकाळी आपोआप उजळतो, सुलभा म्हणाली. समोर नुसत्या गाद्यांचा ढीग. पलीकडून मुलगा बोलत असतो.

समोर हसरा चेहरा नाही, म्हणजे त्या पडद्यावरून स्विचला जे काही येईल ते आठव्या रांगेत जात असणार, हे हेमांगीला लगेच कळलं. सगळंच्या सगळं गळत होतं. आणि पलीकडे सांधणी अख्खी मावशी भरून देत होती.

तिनं शेजाऱ्यांचा फोन मागून आणला. अनोळखी नंबर बघून निरंजननं उचलला.

"दादा, हेमा बोलतेय. ठेवू नकोस."

"कामात आहे गं."

"तुझी आई माझ्याकडे आहे. महिना झाला. तुला फोटो पाठवलेत. तू आत्ता कुणाशी बोललास?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"ती तिकडे नाही ते. त्यांनी मला विचारलं होतं, सेवा चालू ठेवायची का. मी हो म्हटलं." त्याचा आवाज थकलेला होता. "कोपऱ्यातला ठिपका पहिल्यापासून दिसायचा मला, हेमा. मी त्याच्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. तुला नाही कळणार. मी दिवसभर मरून घरी येतो. ती विचारते, जेवलास का. ती कधी रागावत नाही. खरी आई कधी असं बोलली माझ्याशी? कायम उणंदुणं."

"ती रडत होती, दादा. तू हसत होतास."

"मला हसरी दिसत होती."

"कागद काढला असतास तर?"

हेमांगीला त्याची चीड यायला हवी होती. पण आली ती किळस. त्या मुलायम आवाजाची, एवढ्या दूरवर एका गाद्यांच्या ढिगाशी रोज गप्पा मारून पोटभर जेवणाऱ्या माणसाची. आणि लहानपणी याच दादाच्या सायकलवर पुढे बसून ती रंकाळ्यावर जायची.

"हेमा," मावशी पलंगावरून म्हणाली. तिनं भाताची वाटी खाली ठेवली होती आणि हात पुढे केला होता. तिनं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे कोरडे होते.

हेमांगीनं फोन तिच्या हातात दिला.

"निरू, मी बोलतेय," मावशी म्हणाली. "जेवलास का, ते मी विचारणार नाहीये. ते तुला विचारणारी आहे एक. मी तुला जखमेचं सांगते. माकडहाडाशी होती, तळहाताएवढी. डॉक्टर म्हणाले, आत हाड लागतंय हाताला. पू यायचा तो लुगड्याला चिकटून वाळायचा आणि कपडा काढला की कातडीसकट निघायचा. वास असा सुटायचा की जेवण आणणारी बाई ताट दारात ठेवून पळायची. मला माझाच वास यायचा. जेवताना यायचा. तुझ्याशी बोलताना यायचा."

पलीकडून काही आवाज आला नाही. मावशीनं फोन कानापासून लांब धरून हेमांगीकडे दिला.

"आहे का गं तो? की ठेवला?"

हेमांगीनं फोन कानाला लावला. दूरवर कुणीतरी तोंडानं श्वास घेत होतं.

"आहे," ती म्हणाली.

"मग इकडे दे."

मावशीनं उशी मानेखाली नीट घेतली, जखमेवर भार येणार नाही अशी कुशीवर वळली आणि दिवाळीच्या पाडव्यापासून पुढचं सांगायला लागली.